‘हरित शाळा’ काढा म्हटलं की पोरं पाऊस का काढत नाहीत?

मलप्रभेकाठी | ५ जुलै, रात्री ९:५२

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. सहावी-सातवी मिळून ३४ पोरं.

गेल्या आठवड्यात वरून निरोप आला. ‘माझी हरित शाळा’ या विषयावर चित्रं काढून घ्या, त्यातली चांगली दोन पाठवा. कागद वाटले, एक तास दिला. चित्रं गोळा करून घरी आणली आणि जेवणं आटोपल्यावर पसरून बसले. ३४ पैकी ३१ चित्रांत दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, एक चौकोनी इमारत, तिच्यावर निळी सोलरची पट्टी, दोन्ही अंगांना लॉलिपॉपसारखी झाडं आणि खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. उरलेल्या तिघांतल्या दोघांनी झेंडावंदन काढलेलं, एकाने नुसती क्रिकेटची पिच.

हे सगळं काढणं चाललं होतं तेव्हा चार दिवस सूर्य कुणी बघितलेला नव्हता. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको. पत्र्यावर असा मारा चालला होता की ‘रंग आवरा आता’ हे मला फळ्यावर लिहून सांगावं लागलं. कोपऱ्यात गळतीखाली बादली. दारात ३४ छत्र्या उघड्या पसरलेल्या, त्यांचं पाणी उंबरा ओलांडून आत. त्या ओलीत पाय वर घेऊन बसलेली पोरं उगवता सूर्य रंगवतायत. एकाच्याही चित्रात पाऊस नाही.

दोन चित्रं पाठवून दिली, तो विषय संपला. पण डोक्यातनं जात नाही. चांगली शाळा कशी असावी म्हटलं की पोरांना आपली शाळा आठवतच नाही, पुस्तकातली आठवते. हे बदलायचं कसं? मला चित्रकला येत नाही आणि आमच्याकडे चित्रकलेचं पदही नाही. कुणी काही करून बघितलं असेल तर सांगा. टायरच्या कुंड्या आणि बाटल्यांचे मोर सोडून.

टिवल्याबावल्या | ५ जुलै, रात्री १०:१५

बाटल्यांचा मोर आमच्या गावच्या शाळेत अजून उभा आहे. दोन पावसाळ्यांत पिसं गळाली. आता कोंबडी दिसते.

निपाणीचा बाप | ५ जुलै, रात्री ११:०३

टीचर, राग मानू नका. मी शिकलो त्या मराठी शाळेत माझ्या वेळी पट दोनशेच्या वर होता. माझा पोरगा गेला तेव्हा चाळिशीवर आला. निम्म्या खोल्यांना कुलूप, शिक्षक दोन. अशात ‘शाळेची कल्पना करा’ म्हणजे घरात पीठ नाही आणि पोळ्यांचं चित्र काढा म्हटल्यासारखं आहे. आधी शिक्षक द्या म्हणावं. संडासाला पाणी द्या. मग काढू की चित्रं.

मलप्रभेकाठी | ६ जुलै, सकाळी ७:२०

@निपाणीचा बाप, राग कशाला. उलट तुमचंच पुढे नेते. ३४ चित्रांत एकाही पोराने संडास काढलेला नाही. आमच्याही संडासाला पाणी नाही, बोअरवरून कळशीने न्यावं लागतं, आणि ते नेतात कोण तर हीच पोरं. रोज हाताला लागणारी गोष्ट कागदावर येत नाही, माझा प्रश्न तो आहे.

खडूफळा | ६ जुलै, दुपारी १:४४

३३ वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली. आता घरी नातवंडांच्या वह्या बिघडवतो. चित्रकलेच्या लोअर आणि हायर ग्रेड परीक्षांना किती पोरं बसवली याची मोजदाद नाही. खरं सांगायचं तर तुमच्याकडची लॉलिपॉपची झाडं माझ्याच कुठल्या तरी विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्याकडून आली असतील. परीक्षेला वेळ मोजून, साचा हातात बसला की पोरगं पास. साचा वाईट नाही ओ. पण साच्यातनं काढायची सवय लागली की वर बघायचं कारणच उरत नाही.

बेळगावात बघायला शिकवणारी माणसं होऊन गेली. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार रवी परांजपे घ्या. जन्म १९३५ चा, बेळगावचाच. २०२२ साली गेले. लोक त्यांची बोधचित्रं आठवतात. पण अजून बांधलेली नाही अशी इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, त्याची चित्रं काढण्यातही त्यांचं मोठं नाव होतं. नसलेल्या भिंतीवर ऊन पाडायचं म्हणजे असलेल्या भिंतीवरचं ऊन किती वेळा बघितलेलं असायला पाहिजे, विचार करा.

म्हणून माझं ऐका. महिनाभर ‘हरित’, ‘आदर्श’, ‘स्वप्नातली’ हे शब्द वर्गात काढू नका. रंगपेट्या कपाटात ठेवा. पेन्सिल आणि पाठकोरे कागद द्या आणि सांगा, ती बादली काढा. नुसती बादली नव्हे, थेंब कुठनं सुटतो तिथपासून बादलीपर्यंत. अर्धी पोरं मान वर करून छपराकडे पहिल्यांदाच बघतील. तुम्हाला चित्रकला येत नाही हे चांगलंच आहे, तुम्ही दुरुस्त करायला जाणार नाही.

चिरेखाण | ६ जुलै, रात्री ८:३०

मास्तरांशी सहमत, एक जोड देतो. धंद्याने आर्किटेक्ट, ऑफिस शहापुरात, गाव चंदगडकडचं.

पोरांना प्लॅन शिकवायच्या भरीला पडू नका. वरून बघितलेला नकाशा त्यांना पटत नाही आणि त्यात पाऊस दिसतही नाही. सेक्शन शिकवा. सेक्शन म्हणजे फणस मधोमध कापला तर आत गरे, मधला दांडा, आठळ्या कशा दिसतात, तशी शाळा कापायची. एक सुरी छपरावरून फरशीपर्यंत घातली आणि निम्मी शाळा बाजूला सारली, तर काय दिसेल? पत्रा, वासा, भिंतीची जाडी, खिडकी, बाक, बाकावर पोरगं, खाली जोतं, जोत्याखाली माती. पाणी कुठनं येतं, वारा कुठनं जातो, उकाडा कुठं साठतो ते या एकाच चित्रात कळतं. माझ्या कॉलेजात हे समजायला एक सेमिस्टर गेलं. तुमच्या पोरांना फणस माहीत आहे, लवकर समजेल.

बाहेरची उदाहरणं हवी असतील तर माझी आवडती दोन. बुर्किना फासोमधल्या गांदो गावातली प्राथमिक शाळा. तिथेच जन्मलेल्या फ्रान्सिस केरे यांनी ती गावकऱ्यांना हाताशी धरून बांधली, २००१ मध्ये पुरी झाली. भिंती मातीच्या विटांच्या. वर मातीच्याच विटांचं सच्छिद्र छत, आणि पत्रा त्याच्यावर चांगला उचलून धरलेला. पत्रा तापतो, पण तापलेली हवा पत्रा आणि छत यांच्यामधनंच निघून जाते, खाली पोरांपर्यंत येत नाही. केरे यांना २०२२ साली प्रित्झकर मिळालं, आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मान. सुरुवात या शाळेने झाली. दुसरी बांगलादेशातल्या रुद्रपूरची, आना हेरिंगर यांची, माती आणि बांबूची. तिथं वर्गाच्या मागच्या भिंतीत पोरांना रांगत शिरता येईल अशा मातीच्या गुहा आहेत. बालीचं २००८ चं बांबूचं ग्रीन स्कूल तर सगळेच दाखवतात. देखणं आहे, फी विचारू नका.

पण यातलं काहीच पोरांना आधी दाखवू नका. नाहीतर दोन डोंगरांच्या जागी बांबूचा घुमट येईल, एवढाच फरक.

अर्धवट चित्र | ७ जुलै, रात्री १२:१०

माझा विरोध नोंदवा. मी आत्ता फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शाळा बेळगाव तालुक्यातली सरकारी मराठीच. तुम्ही सगळे मिळून पोरांना ओव्हरसीअर करताय. गळती काढा, जोतं काढा, भिंतीची जाडी मोजा! बारा वर्षांच्या पोराने उडणारी शाळा काढली तर काय बिघडलं? आमच्या वर्गात एकजण दर वेळी पाण्याखालची शाळा काढायचा आणि दर वेळी मार खायचा. त्याच्याइतकं डोकं वर्गात कुणाचं नव्हतं.

खडूफळा | ७ जुलै, सकाळी ६:५५

मारणारा मी नसेन अशी आशा करतो. पाण्याखालची शाळा काढू दे की. पण त्याला विचारायचं, दप्तर भिजत नाही ते कसं? पोरगं जे उत्तर देईल तिथनं पुढं खरी गंमत. आपण ‘छान’ म्हणून सही करतो आणि गंमत तिथंच मारतो.

कृष्णाकाठ | ७ जुलै, रात्री ९:१२

चिकोडी तालुक्यात शिक्षक आहे. पाण्याखालची शाळा आमच्याकडे कल्पनेत मोडत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम चढल्या, २०२१ च्या जुलैत परत. आमची शाळा माळाच्या कडेला, जरा उंचावर. म्हणून खालच्या गल्लीतली माणसं आमच्याच वर्गांत राहायला आली. बाकांचे पलंग झाले. फळ्यावर कुणाच्या घरात किती माणसं त्याची यादी. पाणी ओसरल्यावर मी सातवीला सांगितलं होतं की पुढच्या वेळेसाठी शाळा कशी पाहिजे ते काढा. निबंध नको, चित्र.

बहुतेकांनी बोटी काढल्या. एका मुलीने काय केलं, शाळेच्या मागच्या भिंतीला ओळीनं लोखंडी कड्या काढल्या आणि पायऱ्यांच्या शेजारी एक उतार. मला वाटलं व्हीलचेअरसाठी रॅम्प, शाबासकी द्यायला गेलो. ती म्हणाली, “सर, म्हशी पायऱ्या चढत नाहीत.” पुराच्या त्या दिवसांत तिचे आजोबा शाळेत यायला तयारच नव्हते, कारण म्हशी खाली दावणीला. माणसं हलत नाहीत ती जनावरांपायी, हे तिला माहीत होतं. शाळेच्या आराखड्यात दावण काढलेली मी तरी दुसरीकडे बघितली नाही.

ते चित्र एका प्रदर्शनात ठेवलं होतं. बघायला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, यात पर्यावरण कुठं आहे?

सावली-नेरळु | ८ जुलै, सकाळी ११:३०

म्हशीचा उतार वाचून अंगावर काटा आला.

आमची गोष्ट वेगळी. बेळगाव तालुक्यातलं गाव, एकाच आवारात दोन सरकारी शाळा, कन्नड आणि मराठी. मैदान एक, नळ एक, बिसिऊटाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, स्वयंपाकघर एक, मधे कमरेएवढी भिंत. मी कन्नड शाळेत शिकवते. माहेर मराठी, सासर कन्नड, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंना मला ‘आपली’ म्हणतात आणि दोन्हीकडे थोडा संशयही येतो.

गेल्या उन्हाळ्याआधी दोन्ही शाळांच्या सहावीला मिळून एकच काम दिलं होतं. आवारात सावली कुठं कुठं पडते ते दर तासाला खडूने आखायचं. सकाळी दहाला, अकराला, बाराला असं चारपर्यंत. चार वाजता मैदान भरून रेघा. त्यातनं निघालं असं की दुपारच्या सुट्टीत सगळ्यात दाट सावली नेमकी त्या मधल्या भिंतीच्या टोकाला, चिंचेखाली. पोरं तिथंच जेवतात, निम्मी भिंतीच्या अलीकडे, निम्मी पलीकडे, आणि ताटं भिंतीवर ठेवतात. भिंत म्हणजे त्यांचं टेबल! एवढी वर्षं आम्ही शिक्षक त्या भिंतीकडे भिंत म्हणूनच बघत होतो.

मग दोघांच्या मिळून एका पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये भिंत तशीच ठेवली, फक्त वर गुळगुळीत कडाप्पा आणि दोन्ही बाजूंना बसायला ओटा. नावं दोन्ही भाषांत चिकटवली. नेरळु, सावली. नीरु, पाणी. झाडाला काय लिहायचं यावर भांडण झालं, शेवटी ‘मर’ लिहिलं, कन्नडात झाडाला मर म्हणतात. मराठी पोरं दिवसभर त्या झाडाकडे बोट दाखवून एकमेकांना “मर, मर” म्हणत हसत होती.

टिवल्याबावल्या | ८ जुलै, दुपारी १२:०२

दोन भाषांतला सगळ्यात जुना विनोद. माझ्या आज्जाने पण केलेला.

संपादक मंडळ | ८ जुलै, सायंकाळी ५:४०

सीमाप्रश्नावरचे चार प्रतिसाद त्या विषयाच्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे जागा भरपूर आहे.

चिरेखाण | ८ जुलै, रात्री ९:२५

@सावली-नेरळु, सावलीची आखणी फार भारी. त्याला एक जोड द्या. आपण साधारण १५.८५ अक्षांशावर आहोत. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या सुमारास एकदा माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायातच पडते. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! ऊन दक्षिणेकडून येतं असं घोकलेल्यांना हे खोटं वाटतं. मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टात ढग, म्हणून शाळेत हे कुणी बघत नाही. पण २२ डिसेंबर सापडतो. त्या दिवशी दुपारी साडेबाराला मीटरभर काठीची सावली सुमारे ८२ सेंटिमीटर उत्तरेकडे पडेल. साडेबाराच, बाराला नाही. घड्याळ अलाहाबादच्या बाजूच्या रेखांशाचं आहे, आपण बरेच पश्चिमेला. एवढं हातात आलं की दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा किती बाहेर काढायचा ते सातवीचं पोरगंही दोरीने मोजून सांगेल.

@मलप्रभेकाठी, तुमच्याकडे सूर्याचं राहू द्या, पावसाचं गणित घ्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्गखोली २० बाय ३० फुटी धरली तर छप्पर साधारण ५५ चौरस मीटर. दिवसात १०० मिमी पडला, आणि तुमच्याकडे तो पडतोच, तर एका खोलीच्या छपरावरून साडेपाच हजार लिटर. उडून-सांडून कमी धरा, साडेचार. आणि संडासाला पाणी नाही म्हणता.

निपाणीचा बाप | ८ जुलै, रात्री १०:५०

हां. हे आता कळायला लागलं.

मलप्रभेकाठी | ११ ऑगस्ट, रात्री ९:१५

महिन्याने येतेय. मधे आठ-दहा दिवस पावसाच्या सुट्ट्या. जे झालं ते जसं आठवेल तसं लिहिते.

मास्तरांचं ऐकून पहिले दोन आठवडे बादली. पोरं आधी वैतागली, रंग का नाही म्हणून. मग एकाच्या लक्षात आलं की थेंब जिथं पडतो तिथं छपराला भोकच नाही. पाणी वाश्यावरून तीन हात चालत येतं आणि मग सुटतं. झालं, सगळा वर्ग बाकांवर उभा राहून वाश्यांचा माग काढायला लागला. हेडमास्तर आले, दारातनं बघून निघून गेले. काय समजले असतील ते असोत.

माग लागला तो जुन्या आणि नव्या खोलीच्या मधे. जुनी खोली कौलांची, नवी पत्र्याची, आणि दोन्ही उतार एकमेकांकडे. मधल्या पन्हाळीत पाणी जमतं. तिथंच फणसाचा पाला साचलेला, त्यामुळे पाणी तुंबून कौलांखाली शिरतंय. हे त्यांना सेक्शन काढतानाच दिसलं. फणस कापायची युक्ती पहिल्या दिवशी चालली. फक्त दोघांनी शाळेच्या आत गरे काढले.

मग मॉडेल. बिसिऊटात अंडी येतात, त्यांचे ट्रे मागच्या खोलीत साठलेले. वर्गातल्या एकीच्या आज्जीने येऊन लगदा करायला शिकवलं. ट्रे रात्रभर भिजवायचे, उखळात कुटायचे, मेथ्या भिजवून वाटून त्यात घालायच्या म्हणजे कीड लागत नाही. पूर्वी त्या अशाच टोपल्या करायच्या. दोन दिवस वर्गाला मेथीच्या लाडवासारखा वास होता. भिंती लगद्याच्या, छप्पर जुन्या लग्नपत्रिकांचं, त्या जाड असतात. एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर. मोजमाप सुंभाने, फुटाफुटावर गाठी मारून. मॉडेलवर झारीने पाणी ओतलं आणि पन्हाळीत मूठभर चहाची पूड टाकली. तुंबलं! पत्रिकेतला गणपती भिजून खाली आला. पोरं नाचली.

एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, अध्यक्षांना बोलावून हाच प्रयोग दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आले आणि दीड पाटी पाला काढला. बादली आता मधल्या सुट्टीत हात धुवायला असते.

दुसरं काम आवाजाचं. पाऊस चालू असताना मी फळ्याजवळ उभी राहून एक ते शंभर म्हणायचे. ज्याला ऐकू येणं बंद होईल त्याने आपल्या जागेवर खडूची खूण करायची. कौलांच्या खोलीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पत्र्याच्या खोलीत दुसऱ्या बाकाला खुणा सुरू. म्हणजे नवी, चांगली समजली जाणारी खोली पावसात बहिरी. ती खोली मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. उपाय म्हणून पोरांनी पत्र्याखाली बुरुडाच्या तट्ट्यांचं छत काढलंय, वर भाताचा पेंढा. कुणी जाणकार सांगेल का, चालेल?

आणि @अर्धवट चित्र, तुमच्यासाठी. एका मुलाने शाळेला खेकड्याचे पाय काढलेत. पावसाळ्यात आमच्या वर्गात खेकडे येतात, खोटं नाही. त्याची शाळा ओल आली की उठून कोरड्या जागी जाते, आणि उन्हाळ्यात नदीकाठी येऊन बसते. मी मास्तरांसारखं विचारलं, पोरं आत असताना चालली तर? म्हणाला, “खेकडा तिरका चालतो टीचर, बाक पण तिरके ठेवायचे.” पुढे काय विचारायचं मला सुचलं नाही. ते चित्र घरी कपाटाला लावलंय.

अर्धवट चित्र | ११ ऑगस्ट, रात्री ९:४८

बाक पण तिरके!! घेतलं मागे सगळं. फोटो टाका ना.

चिरेखाण | ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

तट्ट्या चालतील, पेंढा नको. पेंढा म्हणजे उंदीर, आणि उंदरामागे कोण येतं ते खानापुरात सांगायला नको. शिवाय खाली वायरिंग आहे, जळायची भीती. तट्ट्या दुहेरी घाला, मधे चार बोटं हवा सोडा, कडेला कोनाडा ठेवू नका. आवाज पूर्ण जाणार नाही, कमी होईल. गांदोच्या शाळेचा फोटो आता दाखवायला हरकत नाही. पोरं ‘आमच्यासारखंच केलंय की’ म्हणतात का बघा.

निपाणीचा बाप | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

वाचलं. पण खडूस प्रश्न विचारतोच. पन्हाळीतला पाला काढायला चित्रकला कशाला पाहिजे होती? शिडी पाहिजे होती.

मलप्रभेकाठी | १२ ऑगस्ट, रात्री ८:४५

शिडी चार वर्षं मागच्या खोलीतच होती. आम्ही बादली सरकवत होतो.

निपाणीचा बाप | १२ ऑगस्ट, रात्री ९:०१

बरं. 🙏

तरी शिक्षकांचं मागणं मी सोडणार नाही.

मलप्रभेकाठी | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

सोडू नका. एका पोरीने तिच्या शाळेत पाच शिक्षक काढलेत, एकेका खोलीत एकेक. आम्ही दोघं आहोत. तिलाही कळतंय.

खडूफळा | १३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

आता रंगपेट्या काढा. मात्र हिरवा रंग आठ दिवस बाजूला ठेवा. पावसातल्या खानापूरला किती करडे रंग आहेत ते त्यांना कळू दे. पत्र्याचा करडा, चिऱ्यावरच्या शेवाळाचा करडा, दुपारी तीनच्या आभाळाचा. हिरवा नंतर दिलात की ते तो जपून वापरतील.

मलप्रभेकाठी | २२ ऑगस्ट, रात्री १०:०५

करड्याचे सतरा प्रकार झाले, एकाला पोरांनी ‘वाळत न येणारा गणवेश’ असं नाव दिलंय.

आता कामाचं बोलते. सगळ्या चित्रांतून खरोखर करायची एकच गोष्ट निवडा म्हटलं. मला वाटलं टाकी निवडतील, साडेचार हजार लिटरचं गणित सगळ्यांना तोंडपाठ झालंय. मतदान घेतलं. टाकीला ९, तट्ट्यांच्या छताला ६, खेकड्याला ३ आणि छत्र्यांच्या जागेला १६.

छत्र्यांची जागा म्हणजे अशी. बाहेरच्या पडवीत भिंतीला समांतर एक आडवा बांबू, छातीएवढ्या उंचीवर, त्याला ३४ खुंट्या. छत्री मिटून उलटी टांगायची. खाली अर्धा चिरलेला बांबू पन्हाळीसारखा, एका टोकाला उतार. ठिबकलेलं पाणी त्यातनं जाऊन बाहेरच्या केळीला. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर दुसरी रांग. ही दुसरी रांग एका मुलाने उठून सांगितली, त्याचा भाऊ पहिलीत आहे. सेक्शन काढलाय, मापं घातलीत, खुंट्यांमधलं अंतर प्रत्येकाची मिटलेली छत्री मोजून ठरवलंय. उंबरा कोरडा राहील.

चतुर्थीच्या आत करायचंय. बांबू कुठला घ्यावा? आणि भुंगा लागू नये म्हणून काय करतात? मागे कुंपणाला घातलेला वर्षात भुगा झाला.

कृष्णाकाठ | २२ ऑगस्ट, रात्री १०:२२

केळीला पाणी! आमच्या म्हशींना पण सांगतो.

चिरेखाण | २२ ऑगस्ट, रात्री १०:४०

माणगा घ्या. सरळ, आतून जवळजवळ भरीव, खुंटी ठोकली तरी फाटत नाही. फक्त ठोकायच्या आधी गिरमिटाने भोक पाडा. कोवळा नको, तीन वर्षं झालेला बघून तोडायला सांगा. कोवळ्यात साखर जास्त, भुंगा त्यासाठीच येतो. तोडल्यावर वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीत आहे, ती बरोबर आहे, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवलेले सहा माणगे माझ्याकडे एका कामातून उरलेत. बोरॅक्स पावसाने धुऊन जातं, पण पडवीत छपराखाली असल्यामुळे टिकेल. खालची पन्हाळ मात्र ओलीच राहणार, ती दर दोन वर्षांनी बदलायची असं धरूनच चाला. चिरायला बुरूड तुमच्याच गावात असेल, पोरांसमोर चिरू दे.

शनिवारी जांबोटीला साइट आहे. गाडीच्या टपावर घालून आणतो. सकाळी लवकर येईन, गेटची किल्ली कुणाकडे असते?

मलप्रभेकाठी | २२ ऑगस्ट, रात्री १०:४४

स्वयंपाकाच्या अक्कांकडे. साडेसातला चूल पेटवतात, तेव्हा उघडंच असतं. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत, तेवढा वेळ धरून या.